‘पर्यंत’ या शब्दाची मर्यादा : संहितेतील अंश वेचणाऱ्या आज्ञांचा इतिहास

१

एखाद्या दीर्घ संहितेतून अमुक शब्दापासून तमुक शब्दापर्यंतचा भाग उतरवून घ्यावा, ही सूचना माणसाने माणसास केली असता तीत संदिग्ध असे काही कोणास जाणवत नाही. लेखनिक पोथी सोडतो, आरंभ शोधतो, शेवट शोधतो आणि मधला भाग उतरवून घेतो. शेवटचा शब्द घ्यावा की वगळावा, तोच शब्द दोनदा आला असता कोणता धरावा, आणि तो मुळीच आढळला नाही तर काय करावे, हे प्रश्न त्याच्या मनात उठले तरी ते तो विषयाच्या जाणिवेने सोडवतो. तेवढ्याने भागले नाही तर ज्याने काम सांगितले त्यास विचारतो. हीच सूचना संगणकास द्यावयाची झाली म्हणजे मात्र या दोन्ही वाटा बंद होतात. यंत्रास विषय कळत नाही आणि शंका विचारण्याची त्यास बुद्धी नाही. यास्तव ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन शब्दयोगी अव्ययांचा अर्थ कोणीतरी अगोदर, एकदाच, ठरवून ठेवावा लागतो.

हा अर्थ कोणी व कसा ठरवला याचा इतिहास फार जुना नाही. स्थूलमानाने १९६५ ते १९९४ या तीस वर्षांत तो आटोपतो. तो संगणकविद्येचा इतिहास म्हणून ओळखला जातो हे खरे. तथापि त्यातील कळीचे प्रश्न यंत्ररचनेचे नसून अर्थनिर्णयाचे आहेत. ज्यांनी ते हाताळले त्यांतील निदान दोन व्यक्ती भाषेच्या अभ्यासातून तेथे आलेल्या होत्या, हाही केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा भाग नव्हे.

२

आरंभीच्या काळात मजकूर छिद्रे पाडलेल्या कार्डांवर साठवला जाई. एका कार्डावर एक ओळ असा परिपाठ होता आणि कार्डांचा गठ्ठा हातातून पडून विसकटल्यास पुन्हा लावता यावा म्हणून प्रत्येकाच्या उजव्या टोकास क्रमांक घातलेला असे. अशा मजकुराचा एखादा भाग हवा असल्यास तो क्रमांकानेच मागावा लागे. ‘शंभरापासून एकशेवीसपर्यंत’ या मागणीत मजकुराच्या आशयाशी काहीच संबंध नाही. मध्ये एक ओळ नव्याने घातली की सर्व हिशेब बदलतो.

या पद्धतीतून बाहेर पडण्याचा महत्त्वाचा प्रयत्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झाला. १९६५-६६ च्या सुमारास पीटर डॉइच व बटलर लॅम्पसन यांनी एसडीएस ९४० या यंत्रासाठी ‘क्यूईडी’ नावाचा संपादक, म्हणजे मजकूर दुरुस्त करण्याचा प्रोग्राम, तयार केला. त्यात ओळ तिच्या क्रमांकाने सांगता येई त्याप्रमाणेच तिच्यात असलेल्या शब्दानेही सांगता येई. ओळीचा पत्ता तिच्या स्थानावरून न ठरता तिच्या आशयावरून ठरू लागला, हा बदल दिसावयास लहान असला तरी पुढील सर्व गोष्टींचे मूळ त्यात आहे.

न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज ही संशोधनसंस्था होती. तेथील केन थॉम्पसन यांनी हाच संपादक दुसऱ्या यंत्रावर नव्याने लिहिताना त्यात एका निराळ्या क्षेत्रातील कल्पना आणून बसवली. स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ साली, मज्जातंतूंच्या जाळ्याचे एक गणिती प्रतिमान तपासत असता, चिन्हमालिकांच्या काही विशिष्ट समूहांचे वर्णन करण्यासाठी एक संक्षिप्त लेखनपद्धती योजली होती. तिचे विवेचन १९५६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ या नावाने ती पुढे प्रसिद्धीस आली. थॉम्पसन यांनी जून १९६८ मध्ये अशा नमुन्याने मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून खूण ही एक ठरावीक शब्द न राहता शब्दांचा एक साचा झाली. ‘अध्याय’ या शब्दाने सुरू होऊन अंकाने संपणारी कोणतीही ओळ, असे आता म्हणता येऊ लागले.

३

ऑगस्ट १९६९ मध्ये थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहान यंत्रावर पुढे ‘युनिक्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रणालीचा पाया घातला, आणि तिच्यासाठी ‘एड’ नावाचा संपादक लिहिला. एडची भाषा कमालीची तुटक आहे. बहुतेक आज्ञा एकाच अक्षराच्या. या तुटकपणाचे कारण त्या काळच्या साधनांत सापडते. मजकूर पडद्यावर नव्हे तर टेलिटाइप यंत्राच्या कागदावर उमटे, आणि त्या यंत्राची गती सेकंदास दहा अक्षरे एवढीच होती. संपूर्ण फाइल छापून पाहणे ही चैन कोणास परवडणारी नव्हती. हवा तेवढाच भाग मागणे, तोही थोडक्या अक्षरांत मागणे, ही तेथील रोजची गरज होती.

एडमध्ये असा भाग मागावयाचा तो दोन पत्त्यांनी. दोन तिरप्या रेघांमध्ये आरंभीचा नमुना, मग स्वल्पविराम, मग तशाच दोन रेघांमध्ये शेवटचा नमुना, आणि अखेरीस छापण्याची एकाक्षरी आज्ञा. मराठी शब्द योजून दाखवायचे तर तिचे रूप असे होईल : /आरंभ/,/समाप्ती/पी. येथे एक बारकावा आहे, आणि व्याकरणाच्या अभ्यासकास तो विशेष रोचक वाटावा. स्वल्पविराम घातला असता दोन्ही खुणांचा शोध वाचक ज्या ओळीवर उभा आहे तेथूनच सुरू होतो. परिणामी ‘समाप्ती’ ही ‘आरंभा’च्या आधीच सापडू शकते, आणि मग आज्ञा निष्फळ ठरते. स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम घातला तर मात्र आधी आरंभीच्या ओळीवर जाऊन तेथून पुढे शेवटचा शोध घेतला जातो. ‘समाप्तीपर्यंत’ म्हणजे कोणत्या समाप्तीपर्यंत, हा प्रश्न येथे एका विरामचिन्हाने सोडवला आहे. बोलीत आपोआप गृहीत धरले जाणारे ‘त्यानंतरच्या’ हे विशेषण यंत्राच्या भाषेत अर्धविराम होऊन आले, असे म्हणावयास हरकत नाही.

४

या पुढील टप्प्याशी ली मॅकमहन यांचे नाव निगडित आहे. मॅकमहन हे यंत्रविद्येचे पदवीधर नव्हते. हार्वर्ड विद्यापीठात १९६३ साली त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय, वाक्य समजून घेण्याच्या क्रियेत व्याकरणिक विश्लेषणाचा वाटा किती, हा होता. वाक्यांच्या आकलनास लागणारा वेळ मोजून काढलेले त्यांचे निष्कर्ष मनोभाषाविज्ञानाच्या जुन्या ग्रंथांत वारंवार उल्लेखिलेले आढळतात. बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांना संहितांच्या शैलीविषयक अभ्यासात रस होता, आणि त्यासाठी त्यांनी ‘फेडरलिस्ट’ निबंधांची निवड केली होती.

या निबंधांची हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेची राज्यघटना मान्य व्हावी या हेतूने १७८७-८८ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन व जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने ८५ निबंध लिहिले. त्यांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे हा वाद दीर्घकाळ चालला. फ्रेडरिक मोस्टेलर व डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ साली, अव्ययांसारख्या अर्थाने गौण अशा शब्दांची वारंवारता मोजून, वादग्रस्त निबंधांचे कर्तृत्व मॅडिसनकडे जाते असे दाखवले. शब्द मोजून कर्ता ठरवण्याच्या शास्त्राचा हा एक आधारस्तंभ मानला जातो. मॅकमहन यांना याच संहितेवर काम करावयाचे होते. पण दहा लाखांहून अधिक अक्षरांचा हा मजकूर एडला पेलवत नव्हता. ब्रायन कर्निघन यांनी सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे, ही अडचण ऐकून थॉम्पसन यांनी एका रात्रीत एडमधील शोधाचा भाग वेगळा काढून त्याचा स्वतंत्र प्रोग्राम केला. १९७३ साली युनिक्सच्या पुस्तिकेत दाखल झालेला ‘ग्रेप’ तो हाच. त्याचे नावच मुळी एडमधील एका आज्ञेचे सांगाडारूप आहे : सर्वत्र, अमुक नमुना, छाप.

ग्रेप सुट्या ओळी वेचतो. दोन खुणांमधील सलग अंश वेचणे त्याच्या कक्षेत येत नाही. ती उणीव मॅकमहन यांनी स्वतः भरून काढली. १९७३-७४ मध्ये त्यांनी लिहिलेला ‘सेड’ हा प्रोग्राम १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर सर्वत्र गेला. त्याची भाषा एडचीच आहे, पण वाचण्याची रीत निराळी. एड संपूर्ण फाइल हाताशी घेऊन बसतो. सेड एक ओळ वाचतो, तिच्यावर काय करायचे ते करतो, तिला पुढे सोडतो आणि पुढची ओळ घेतो. मजकूर कितीही मोठा असला तरी त्यास अडचण येत नाही, कारण तो कधीच सगळा त्याच्याजवळ नसतो. आज्ञा कोणी समोर बसून द्याव्यात अशीही अपेक्षा नाही. त्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या यादीत असतात. मॅकमहन यांनी १९७८ साली सेडची जी पुस्तिका लिहिली तीत उदाहरणासाठी कोलरिजच्या ‘कुब्ला खान’ या कवितेचा आरंभ घेतला आहे. स्वतः कवीनेच अपूर्ण खंड म्हणून प्रसिद्ध केलेली कविता खंड वेचण्याच्या प्रोग्रामला उदाहरण म्हणून लाभावी, यात पुस्तिकाकाराचा मिश्किलपणा असेल किंवा नसेलही.

५

एडमधील पूर्वोक्त आज्ञा सेडमध्ये जशीच्या तशी लिहिता येते. तिच्या आधी, ‘सांगितल्याशिवाय काही छापू नये’ अशी एक सूचना तेवढी द्यावी लागते. ती विसरल्यास सगळाच मजकूर उमटतो आणि हवा असलेला भाग दोनदा उमटतो. रूप तेच राहिले तरी अर्थ मात्र आतून बदललेला आहे. मागे वळण्याची सोय नसल्यामुळे स्वल्पविराम व अर्धविराम हा भेद येथे उरतच नाही. पहिली खूण दिसली की सेड ‘आत’ जातो, दुसरी दिसली की ‘बाहेर’ येतो, आणि पुन्हा पहिलीची वाट पाहू लागतो. मी आत आहे की बाहेर, एवढी एकच गोष्ट त्यास आठवते.

या एका गोष्टीच्या स्मरणशक्तीतून त्याचे सर्व गुणदोष निघतात. त्यांतील सर्वांत गंभीर दोष असा की, अंतखूण आलीच नाही तर सेड फाइलच्या शेवटापर्यंत छापत जातो आणि काही चुकले अशी तक्रारही करत नाही. यास निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ओळ वाचताच ती पुढे सोडून देणाऱ्यास खूण पुढे येणार आहे की नाही हे कळणार कसे? कळेल तेव्हा सर्व ओळी छापून झालेल्या असतील. यावर उपाय आहे. सेडमध्ये ओळी तात्पुरत्या बाजूस साठवण्याची एक जागा आहे. आरंभ दिसल्यापासून त्या तेथे साठवाव्यात आणि समाप्ती दिसल्यावरच छापाव्यात. परंतु तसे करताच ‘मजकूर कधीच सगळा जवळ नसतो’ हा त्याचा मूळ लाभ तेवढ्यापुरता सोडावा लागतो.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. एकाच ओळीत आरंभाची आणि शेवटाची अशा दोन्ही खुणा असल्या तर? सेड शेवटाचा नमुना पुढच्या ओळीपासून शोधू लागतो; त्यामुळे त्या ओळीतील समाप्ती त्यास दिसत नाही आणि तो पुढे वाहत जातो. १९७७ साली आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर व ब्रायन कर्निघन या त्रयीने तयार केलेल्या ‘ऑक’ या भाषेने नेमका उलट निर्णय घेतला : शेवटाची खूण त्याच ओळीतही पाहिली जाते. दोन्ही प्रोग्राम एकाच संस्थेत, जवळजवळ एकाच काळात घडले, आणि ‘पर्यंत’चा अर्थ त्यांनी भिन्न केला. पुढे लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये ‘पर्ल’ ही भाषा प्रसिद्ध केली. वॉल हे बर्कली येथे भाषाविज्ञानाचे विद्यार्थी होते आणि लिपी नसलेल्या एखाद्या भाषेस लेखनपद्धती तयार करून द्यावी असा त्यांचा मूळचा विचार होता. या भेदात त्यांनी कोणाचीही बाजू न घेता पर्लमध्ये दोन चिन्हे ठेवली : दोन टिंबे लिहिली की ऑकचा अर्थ, तीन टिंबे लिहिली की सेडचा. पर्यायरूपांना व्याकरणात शेजारी शेजारी जागा देणाऱ्या वैयाकरणाची वृत्ती येथे ओळखू येते. ग्नू प्रकल्पाच्या सेडने पहिल्याच ओळीवर शेवट सापडावा यासाठी निराळीच युक्ती केली. तीत व्याप्तीचा आरंभ ‘शून्याव्या’ ओळीपासून, म्हणजे नसलेल्या ओळीपासून, धरता येतो.

६

खुणेच्या ओळी स्वतः घ्याव्यात की वगळाव्यात, हा तिसरा प्रश्न. व्यवहारात बहुधा त्या नको असतात. पण सेड व ऑक या दोहोंतही दोन नमुन्यांची सरळ आज्ञा त्यांना धरूनच छापते. ऑकचे जाणकार म्हणून दुसरी रीत वापरतात. एक झेंडा कल्पावा, आणि प्रत्येक ओळीस तीन वाक्ये क्रमाने लावावीत : अंतखूण दिसल्यास झेंडा खाली करावा, झेंडा वर असल्यास ओळ छापावी, आदिखूण दिसल्यास झेंडा वर करावा. या क्रमाने दोन्ही खुणा वगळल्या जातात. क्रम उलटा केला, म्हणजे आधी झेंडा वर करणे, मग छापणे, मग खाली करणे, तर दोन्ही खुणा घेतल्या जातात. वर करणे, खाली करणे व मग छापणे या क्रमाने आरंभ येतो व शेवट वगळला जातो. वाक्ये तीच, त्यांचा पौर्वापर्यक्रम तेवढा अर्थ बदलतो.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकास येथे अष्टाध्यायीतील एक परिचित भेद आठवल्यावाचून राहणार नाही. ‘आ’ या निपाताचा ‘पर्यंत’ हा अर्थ सांगताना पाणिनीने मर्यादा व अभिविधी असे दोन अर्थ वेगळे केले आहेत (२.१.१३). सीमा सोडून अलीकडचा भाग तो मर्यादेचा, सीमेसह सर्व तो अभिविधीचा. पाटलिपुत्रापर्यंत पाऊस पडला पण नगरात पडला नाही, हे पहिल्याचे उदाहरण. पाणिनीची कीर्ती लहान मुलांपर्यंत पोचली, म्हणजे मुलेही तीत आली, हे दुसऱ्याचे. मराठीतील ‘पर्यंत’ हे अव्यय दोन्ही अर्थ पोटात घेऊन वावरते. ‘दहा तारखेपर्यंत अर्ज करावेत’ या सूचनेत दहावी तारीख धरली आहे की नाही, यावरून होणारे वाद सर्वांच्या ओळखीचे आहेत.

खूण कशी निवडावी याविषयीही अष्टाध्यायीत एक बोलके स्थळ आहे. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात निपातसंज्ञेचा अधिकार सांगताना (१.४.५६) पाणिनीने त्याची सीमा ‘ईश्वर’ या शब्दाने न सांगता ‘रीश्वर’ अशा, स्वतंत्रपणे निरर्थक, तुकड्याने सांगितली आहे. कारण असे की, सीमा म्हणून अभिप्रेत असलेल्या सूत्रात (१.४.९७) ‘अधि’ या पदामागून ‘ईश्वरे’ आल्यामुळे संधीने रेफ उत्पन्न होतो, पुढे तिसऱ्या अध्यायात (३.४.१३) ‘ईश्वरे’ हाच शब्द पुन्हा आला आहे, पण तेथे मागील सूत्र औकारान्त असल्यामुळे सलग पाठात ‘वीश्वरे’ ऐकू येते. दुसरे स्थळ घेतले जाऊ नये म्हणून रेफासह खूण दिली, असे स्पष्टीकरण भाष्यपरंपरेत मिळते. अर्थाकडे न पाहता केवळ अक्षरमालिका म्हणून अनन्य ठरेल अशी खूण निवडणे, हेच सेडची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यासही करावे लागते. १९९२ साली नॅथनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी ईमेलमध्ये अनेक भाग एकत्र पाठवण्याचा संकेत ठरवला, तेव्हा त्यांनीही भागांमधील सीमाखूण आतील मजकुरात कोठेही येणार नाही अशीच असली पाहिजे, हा नियम घातला.

शिवसूत्रांत मात्र पाणिनीने ‘ण्’ ही एकच अंतखूण दोनदा वापरली आहे. त्यामुळे ‘अण्’ म्हटले असता पहिल्या णकारापर्यंत घ्यावे की दुसऱ्या, असा संशय येतो. जवळची खूण धरावी की दूरची, हा प्रश्न रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही आहे. थॉम्पसन यांच्या परंपरेतील नमुना शक्य तितका दूर जातो. एका ओळीत कंसांच्या दोन जोड्या असल्या तर तो पहिल्या उघडत्या कंसापासून शेवटच्या मिटत्या कंसापर्यंतचे सर्व काही घेतो. जवळच्या खुणेपाशी थांबणारा नमुना पर्लच्या १९९४ च्या पाचव्या आवृत्तीने लोकप्रिय केला. वैयाकरणांनी णकाराचा निर्णय नमुना बदलून केला नाही. संशय आला म्हणून सूत्र निरुपयोगी होत नाही, विशेष अर्थ व्याख्यानावरून समजून घ्यावा, असा त्यांचा निर्णय आहे. काळे या उपनावाच्या महाराष्ट्रीय घराण्यातील, काशीस राहणाऱ्या नागेशभट्टाच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’त ही पहिलीच परिभाषा आहे. यंत्राजवळ व्याख्यान नाही. दोन्ही परंपरांतील खरे अंतर येथे आहे.

हे साम्य किती ताणावे यास मर्यादा हवी. पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ साली, संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या पद्धतीस पाणिनीचे नाव जोडावे असे सुचवले होते. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या नियतकालिकात १९९३ साली सरोजा भाटे व सुभाष काक यांनी पाणिनी व संगणकशास्त्र या विषयाचा परामर्श घेतला. तथापि मरे हिलच्या मंडळींनी आपल्या आज्ञा अष्टाध्यायी समोर ठेवून रचल्या असे मानण्यास कोणताही आधार नाही, आणि तशी गरजही नाही. ज्यास ‘पर्यंत’ हा शब्द निःसंदिग्ध करावयाचा आहे, त्याच्यापुढे हेच प्रश्न उभे राहतात.

७

खुणांच्या जोड्या एकीत एक अशा आल्या तर दोन नमुन्यांची आज्ञा हतबल होते. आतील समाप्ती दिसताच सेड बाहेर पडतो, आणि बाहेरील भागाचे शेपूट तुटून राहते. याचे कारण नोम चॉम्स्की यांनी १९५६ सालीच, अर्थात निराळ्या संदर्भात, सांगून ठेवले होते : मर्यादित अवस्था असलेले यंत्र वाक्यात वाक्य, त्यात वाक्य अशी कितीही खोल जाणारी रचना ओळखू शकत नाही, कारण किती दारे उघडली याची मोजदाद ठेवण्याचे साधन त्यास नसते. ऑकमध्ये झेंड्याच्या जागी गणक ठेवला, उघडताना एक मिळवला, मिटताना एक वजा केला, की काम भागते. दुसरा मार्ग खुणांना नावे देण्याचा. विकिस्रोतात, मराठी विकिस्रोतातही, एकाच पानावर एक प्रकरण संपून दुसरे सुरू होत असेल तर प्रत्येक भागाच्या आरंभास व शेवटास त्या भागाचे नाव घालून तेवढाच भाग दुसरीकडे आणता येतो. येथे शेवट कोणाचा हे शेवटच सांगतो.

मराठी दप्तरांत शेवट सांगण्याची याहून भक्कम रीत होती. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटवलेले असे. पेशव्यांच्या मोर्तबावर ‘लेखनसीमा’ ही अक्षरे असत. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही लिहिल्यास ते मूळ पत्रातले नव्हे, हा त्याचा आशय. मोर्तब शिक्क्याने उठवले जाई, लेखणीने लिहिले जात नसे; त्यामुळे पत्राच्या आशयात ‘मर्यादा’ हा शब्द आला तरी घोटाळा होण्याचा संभव नव्हता. साध्या मजकुराच्या फाइलीत अशी वेगळी शाई नसते. खूणही अक्षरांचीच आणि मजकूरही अक्षरांचाच.

८

यातून होणाऱ्या नुकसानीचे एक उदाहरण मायकेल हार्ट यांनी १९७१ साली सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ग्रंथसंग्रहात मिळते. इंग्रजी शब्दांची वारंवारता मोजणारे अभ्यासक हा संग्रह फार मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्यातील प्रत्येक फाइलीत मूळ ग्रंथाखेरीज परवान्याचा लांबलचक मजकूर असतो, आणि ग्रंथाच्या आरंभी व शेवटी तीन-तीन तारकांच्या खुणांची ओळ असते. मधला भाग सेडने काढून घेणे एका ओळीचे काम वाटते. परंतु खुणेचे शब्द वर्षानुवर्षे थोडे थोडे बदलत गेले. एके काळी ‘या’ ग्रंथाचा आरंभ असे असे, पुढे नुसते ग्रंथाचा आरंभ असे झाले. १९९० नंतरच्या काही वर्षांतील फाइलींत तर कायदेशीर मजकूर ग्रंथाच्या आधी छापलेला असून त्याच्या अखेरीस इंग्रजीत ‘समाप्ती’ अशी खूण आहे, आणि खरा ग्रंथ त्या समाप्तीनंतर सुरू होतो. खुणेच्या शब्दावर विसंबणारी स्क्रिप्ट अशा फाइलीत नेमका नको तो भाग आणून देते. मग जेन ऑस्टिनच्या शब्दसंग्रहात ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द दिसू लागतो. तो निदान डोळ्यांना खटकतो. ‘अथवा’, ‘किंवा’, ‘कोणताही’ असे परवान्यात ठायी ठायी येणारे शब्द कोणालाच खटकत नाहीत, आणि मोस्टेलर-वॉलेस यांच्या पद्धतीने कर्तृत्व ठरवावयाचे ते नेमके अशाच शब्दांवरून.

मराठी संहितांत आणखी एक अडचण आहे, ती लिपीची. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा रेफ युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी साठवलेला आढळतो. एकात टिंबाचा ‘ऱ’ व हलन्त चिन्ह असते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त चिन्ह व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. कागदावर व पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. सेडच्या दृष्टीने ती दोन भिन्न अक्षरमालिका आहेत. ‘दुसऱ्या अध्यायाची समाप्ती’ ही ओळ एका टंकलेखकाने एका रीतीने व दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने लिहिली असल्यास एका फाइलीतून दुसरा अध्याय मिळेल, दुसरीतून दुसऱ्यापासून अखेरपर्यंतचे सर्व अध्याय मिळतील, आणि दोन्ही वेळी प्रोग्राम काम यशस्वी झाल्याचेच कळवील. विंडोज प्रणालीत तयार झालेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या टोकास आणखी एक न दिसणारे चिन्ह असते. ‘ओळीच्या अगदी शेवटी हा शब्द’ असा नमुना त्यामुळेही फसतो. संहितासंग्रह तयार करणारे जाणते लोक म्हणून अंश वेचण्यापूर्वी सर्व फाइलींतील लेखनरूपे एकसारखी करून घेतात, आणि मग थॉम्पसन यांच्या ग्रेपनेच प्रत्येक फाइलीतील आदिखुणा किती व अंतखुणा किती हे मोजतात. दोन्ही आकडे जुळले नाहीत ती फाइल सेडकडे न देता माणसाकडे वाचावयास पाठवली जाते.